कडी निवेपर्यंत

वेल्डर शिडीवरून पडला तो नेमका कापणी तोंडावर आलेली असताना. एरवी हा माणूस वर्षभर उंचावर चढून जोड घालतो, पाण्याच्या टाकीला पाठ लावून वरच डुलकी काढतो, तेव्हा त्याला काही होत नाही. आणि स्वतःच्या दुकानाचा सुटलेला पत्रा ठोकायला चढला, तर शिडी सरकली. उजवं मनगट मोडलं. कोपरापर्यंत प्लास्टर घालून डॉक्टर म्हणाले, कापणी उरकेपर्यंत या हाताने काही उचलायचं नाही.

"काही म्हणजे काय?" वेल्डरने विचारलं.

"काही म्हणजे काहीच नाही. चहाचा कपसुद्धा नाही."

घरी येताना वाटभर तो डॉक्टरांना नावं ठेवत होता. बायको ओळखून होती, तो घाबरला की असाच बडबडतो.

दुकान गावाच्या टोकाला, रस्त्याला लागून. पुढे पत्र्याचं छप्पर, त्याखाली मशीन, आणि मागे राहायच्या दोन खोल्या. कापणीत इथे सकाळपासून रांग असायची. कुणाच्या नांगराचा फाळ सुटलेला, कुणाच्या मळणीयंत्राची जाळी फाटलेली, कुणाच्या ट्रॉलीचं फाळकं निखळलेलं. या दिवसांच्या कामावर घर वर्षभर चालायचं. त्यात फाट्यावर नवं दुकान निघालं होतं. गिऱ्हाईक एकदा तिकडे वळलं की इकडच्या माणसाची हाडं जुळायची वाट बघत बसत नाही. घरात तिघं माणसं, वेल्डर, त्याची आई आणि त्याची बायको. तिघांनाही हे कळत होतं, म्हणून कोणी बोलत नव्हतं.

शेवटी बायकोच बोलली. "मला शिकवा."

वेल्डर हसला. मग तिच्याकडे बघून हसायचा थांबला.

म्हातारी मात्र भडकली. ती लोहाराची बायको. नवरा होता तोवर जन्मभर तिने भाता ओढला, घण उचलला, पण ते भट्टीचं काम होतं, लोखंड लाल झालेलं डोळ्यांना दिसायचं तरी. हे विजेचं प्रकरण तिला मुळीच पटत नव्हतं. "डोळे जातील तुझे," ती सुनेला म्हणाली. "आणि लोक काय म्हणतील? घरातला गडी खाटेवर आणि बाई ठिणग्या उडवतेय."

"लोकांना काय, फाटा जवळ आहे आई," सून म्हणाली. "ते म्हणायलासुद्धा थांबणार नाहीत."

म्हातारीने नाक मुरडलं आणि आत जाऊन भांडी जरा जास्तच आवाज करत घासली.

दुसऱ्या दिवसापासून शिकवणी सुरू झाली. सुनेने नवऱ्याचा जाड सुती सदरा घातला, बाह्या मनगटाशी बांधल्या, पायात त्याचे बूट चढवले. बूट मोठे, म्हणून आत चिंध्या कोंबल्या. नायलॉनचं काही अंगावर ठेवायचं नाही, ठिणगी पडली की कातडीला चिकटतं, असं त्याने बजावलं होतं. तो खाटेवर बसून सांगायचा आणि सांगता सांगता त्याचा प्लास्टरचा हात आपोआप हवेत उठायचा.

"आधी अर्थिंगची पक्कड पट्टीला लाव. गंजावर नको, घासून चकचकीत कर आणि मग लाव. हं. आता काच डोळ्यांपुढे. काच आल्याशिवाय रॉड टेकवायचा नाही, चुकूनसुद्धा नाही. आता काडीपेटीची काडी ओढतेस तसा ओढ."

तिने टोचला. रॉड चिकटला, मशीन गुरगुरलं.

"टोचू नकोस गं, ओढ म्हटलं ना. आता हिसका दे. बाजूला वाकव. अगं, सोडव आधी, तापतोय तो."

दिवसभर हेच. ओढला की विझायचा, टेकवला की चिकटायचा. पेटलाच तर तिचा हात दचकून वर जायचा आणि लोखंडाचे थेंब भलतीकडे पडायचे. संध्याकाळी तिने सरावाची पट्टी उचलून बाहेर आणली. म्हातारीने ती डोळ्यांजवळ धरून नीट पाहिली.

"कोंबड्या बसल्या होत्या का यावर?" तिने विचारलं.

सुनेला हसू आलं आणि रडूही आलं. एकदा काच जरा खाली घसरलेली असताना तिने ठिणगी पाहिली होती, नवऱ्याला सांगितलं नव्हतं. दिवस मावळेपर्यंत डोळ्यांत वाळू भरल्यासारखं झालं. पापणी उघडवेना, पाणी थांबेना. म्हातारीने ओलं फडकं तिच्या डोळ्यांवर ठेवलं आणि ते वाळलं की पुन्हा भिजवून ठेवलं, आणि तोंडाने बोलणी चालूच होती. "सांगितलं होतं मी. माझं कोण ऐकतं या घरात." फडकं मात्र तिने एकदाही कोरडं होऊ दिलं नाही.

हळूहळू हात बसला. रॉड आणि लोखंड यांच्यात रॉडच्या जाडीइतकीच फट ठेवायची, रॉड जळून आखूड होतो तसा हात खाली आणायचा, हे तिला डोक्याने आधी कळलं आणि हाताला नंतर. "कान दे," नवरा सांगायचा. "तळणीत भजं पडल्यासारखा एकसारखा आवाज आला पाहिजे. फटफट करायला लागला की रॉड लांब गेला समज." ती कान द्यायची. मग वरची खपली टोकदार हातोडीने ठोकून काढायची आणि खाली काय निघतंय ते वाकून बघायची. एक दिवस खपली आपसूक उचलली गेली आणि खाली माशाच्या खवल्यांसारखी सरळ ओळ निघाली. तिने ती पट्टी नवऱ्यापुढे धरली. त्याने ओळीवरून अंगठा फिरवला आणि म्हणाला, "बरी आहे." त्या दिवशी ती दोन घास जास्त जेवली.

पण पट्टीवर जोड घालणं वेगळं आणि गिऱ्हाइकाच्या वस्तूला हात लावणं वेगळं. पहिला आला तो फावडं घेऊन. "कुठाय तो?" म्हणून आत डोकावला, खाटेवरचं प्लास्टर पाहिलं, सुनेच्या हातातला रॉडचा होल्डर पाहिला, आणि "येतो मग" म्हणून गेला तो गेलाच. दुसऱ्याने फाटकाची बिजागरी दिली, तीही जशी काही उपकार करतोय अशी. ती परवा जोडलेली आज सुटून परत आली. वेल्डरने मोडलेली बाजू बोटाने चाचपली.

"वरवर बसलंय. आत गेलंच नाही. करंट कमी ठेवलास, भोक पडेल म्हणून भ्यायलीस."

"हो."

"भ्यायचं ते काम करण्याआधी. रॉड पेटल्यावर भ्यायचं नाही."

तिने बिजागरी घासून पुन्हा जोडली. फाटकवाला उभा राहून बघत होता, तिच्या मानेवर घाम आला होता आणि पुसायला हात मोकळा नव्हता. या वेळी जोड टिकला. मग कोणी विळ्याची मूठ आणली, कोणी खुर्ची. मोठं काम अजून फाट्यावरच जात होतं, पण छपराखाली माणसं दिसू लागली एवढं खरं.

एका दुपारी वेल्डरने तिला भंगारातला एक जाड दांडा दाखवला. म्हातारी तेव्हा विहिरीवर गेली होती. "हे ट्रकच्या ॲक्सलचं. हे लोखंड तापट असतं, आपल्या आईसारखं. याला जोड घालायचा तर आधी चौफेर शेकून घ्यायचं, आणि झाल्यावर राखेत पुरून हळूहळू निवू द्यायचं. तापलेलं असताना वर पाणी पडलं तर जोडाच्या कडेनं तडकलंच. वरून दिसणारही नाही. ओझं आलं की तुटेल."

"आईंना सांगू?" ती म्हणाली.

"काय, तापट ते?"

दोघं हसली. म्हातारीला पाण्याचं सांगायचं राहून गेलं ते राहूनच गेलं.

ढग यायला लागले तशी गावाची झोप उडाली. उभं पीक भिजलं तर सगळंच गेलं, म्हणून जो तो कापून, मळून, पोती भरून खालच्या गोदामाला पोचवायच्या मागे. प्लास्टर दाखवायला वेल्डर सकाळच्या गाडीने तालुक्याला गेला आणि तो गेल्या गेल्या तातडी आला.

तातडी म्हणजे ट्रॅक्टरवाला. त्याचं सगळंच तातडीचं, म्हणून गावाने नाव पाडलं होतं. ट्रॉलीचा पुढचा दांडा त्याने बोल्ट काढून सोडवून आणला होता. दांड्याच्या टोकाला असते ती कडी, जी ट्रॅक्टरच्या मागच्या पिनेत अडकते, ती मुळाशी उकललेली.

"वहिनी, ट्रॉली वावरात उभी आहे, मजुरांची टोळी पोती चढवतेय. आभाळ बघा. फाट्यावर चार जण पुढे आहेत. तुम्ही करता का? नाही तर नाही म्हणा, मला तातडी आहे."

या कडीवर भरलेली ट्रॉली ओढली जाणार, आणि पोत्यांवर टोळीच्या बायका बसणार. गोदामाच्या वाटेवर मोठा उतार. तिथे कडी सुटली तर ट्रॉली बायकांसकट कुठे जाईल हे कोणालाही कळतं. सुनेने कडी कानशीने घासून पाहिली, कानस नुसती घसरत होती. ॲक्सलचीच होती.

"करते," ती म्हणाली. "पण थांबावं लागेल. निवायला वेळ लागतो याला."

"थांबतो की," असं तो उभ्या उभ्या म्हणाला.

तिने जुना जोड ग्राइंडरने खरवडून खाच पाडली, चुलीतल्या निखाऱ्यांवर कडी चौफेर शेकली, उन्हात वाळवलेले रॉड घेतले. करंट वाढवला. एक थर, खपली, ब्रश. दुसरा थर, खपली, ब्रश. दांडा उलटा करून पलीकडून पुन्हा. आवाज एकसारखा येत होता. मध्येच एक ठिणगी बुटात गेली आणि पाऊल भाजलं, तरी तिने ओळ पुरी केली. शेवटची खपली काढली तेव्हा खाली सरळ, दाट जोड होता. तिने दांड्याचं टोक राखेच्या ढिगात पुरलं.

"हात लावू नका," ती तातडीला म्हणाली आणि भाजल्या पायाला काही बांधायला लंगडत आत गेली.

ती आत गेली तसा तातडी येरझारा घालू लागला. आभाळाकडे बघे, घड्याळाकडे बघे. म्हातारी दारातच बसली होती. तिच्याजवळ दगडी डोणी, नवऱ्याच्या वेळेपासूनची, लोखंड बुडवायची, अजून पाण्याने भरलेली.

"काकू, किती वेळ हो हे?"

म्हातारी उठली. जन्मभर तिने लाल लोखंड पाण्यात बुडताना पाहिलं होतं. फाळ, कुऱ्हाडी, विळे. पाण्यातून निघालं की पक्कं, हे तिला माहीत होतं, आणि त्या लोखंडापुरतं ते बरोबरही होतं. सुनेचं काम चांगलं झालेलं तिने कानाने ओळखलं होतं, मनातून बरंही वाटलं होतं. आपणही जरा हातभार लावावा असं तिला वाटलं.

"राखेत कसलं निवतंय," ती म्हणाली. "आण इकडे."

दांड्याचं टोक डोणीत बुडलं. चर्र झालं, वाफ छपराला लागली. तातडीने दांडा ट्रॅक्टरवर टाकला आणि गेला.

आवाज ऐकून सून एका पायाला फडकं गुंडाळत बाहेर आली. राख उकरलेली. डोणीतून पाणी सांडलेलं. म्हातारी हात पुसत उभी.

"दिला निववून त्याचा दांडा," म्हातारी म्हणाली. "बिचारा खोळंबला होता."

सुनेचं तोंड असं झालं की म्हातारीने विचारलं, "काय गं?"

"आई, त्याला पाणी चालत नाही. तडकतं ते."

"लोखंडाला पाणी चालत नाही? मला सांगतेस?"

"हे वेगळं आहे. ते म्हणाले होते." एवढंच बोलून ती खाली बसली. नसेलही तडकलं, असं तिच्या मनात आलं. सगळंच काही तडकत नाही. आणि आता जाऊन चारचौघांत सांगायचं की माझा जोड कच्चा आहे, म्हणजे उद्यापासून दुकानाला कुलूपच. ज्या कामाने गाव परत येणार, त्याच कामाने जाणार. तिला खरंच वाटलं की गप्प बसावं. मग पोत्यांवर बसणाऱ्या बायका डोळ्यांपुढे आल्या आणि ती मोठा घण उचलून वावराच्या वाटेला लागली. बूट घालायचं राहिलं. ढेकळांतून, कापलेल्या पिकाच्या टोकदार धसांतून ती लंगडत पळत होती आणि घण खांद्याला लागत होता.

वावरात पोहोचली तेव्हा दांडा बसवून झाला होता. ट्रॅक्टर सुरू होता. पोती रचलेली, बायका चाकावर पाय देऊन वर चढत होत्या. तीन-चार वर बसल्याही होत्या.

"थांबा," ती ओरडली. "उतरा सगळ्या. खाली उतरा आधी."

तातडीने ट्रॅक्टर बंद केला. "आता काय राहिलं?"

"कडीला पाणी लागलंय. तिचा भरवसा नाही."

"मघाशी तर चांगली जोडलीत."

"पिन काढा. मला एक घाव घालून बघू द्या."

टोळीची मुकादमीण उतरून पुढे आली. तिने आधी सुनेचं तोंड पाहिलं, मग तिचा पाय, आणि पिन स्वतःच उपसली. सुनेने घण उचलला. पहिल्या घावाला नुसता बद्द आवाज आला. तातडी म्हणाला, "झालं समाधान?" दुसऱ्या घावाला कडी तुटली आणि ढेकळांत जाऊन पडली. जोड जिथल्या तिथे होता. त्याच्या कडेने, सुताइतक्या काळ्या रेषेवरून, लोखंड सरळ तुटलं होतं.

वर बसून राहिलेली एक बाई घाईघाईने खाली उतरली.

"हे असं काम करता तुम्ही?" तातडी म्हणाला. आवाज चढला होता, पण तोही घाबरलेला दिसत होता. "माणसं मेली असती."

"हो," सून म्हणाली. "माझ्या दुकानातून गेलंय, माझंच आहे."

"तिचं नाही." मागून धापा टाकत म्हातारी आली होती. पदर घसरलेला, चप्पल हातात. तिला धड बोलता येत नव्हतं. "ती राखेत पुरून गेली होती. पाणी मी घातलं. तिने सांगितलं तर वर तिलाच विचारलं, मला सांगतेस का." तिने दम घेतला. "तिचा जोड बघा, तो नाही तुटला. माझी चूक आहे."

जिने उभ्या आयुष्यात शेजारणीशीसुद्धा पडती बाजू घेतली नव्हती, ती म्हातारी भरल्या वावरात असं बोलली. सुनेने पुढे होऊन तिचा घसरलेला पदर सारखा केला. तातडी मान खाली घालून बोल्ट काढू लागला. घाई त्यानेही केली होती; पाना दोनदा हातातून सुटला.

दुकानात दुसऱ्यांदा काम झालं तेव्हा कडी शेकायला म्हातारीच निखाऱ्यांपुढे बसली. किती तापलं ते तिला डोळ्यांनी कळत होतं, ती सांगायची, "अजून नाही. अजून नाही. आता घे." सुनेने तडकलेला भाग पार घासून काढला, थरावर थर चढवले. मग दांडा राखेत. म्हातारी त्याच्याशेजारी ठाण मांडून बसली. आभाळ खाली आलं होतं, वारा सुटला होता, तातडी दोनदा उठला आणि दोन्ही वेळा म्हातारीने नुसतं पाहिलं तसा पुन्हा बसला. राख हाताला गार लागली, सुनेने घातलेल्या घावांना बिनतडकल्या लोखंडाचा खणखणीत आवाज आला, तेव्हाच तिने त्याला दांडा नेऊ दिला.

ट्रॉली दुकानापुढून गेली तेव्हा दिवस कलला होता. पोती गच्च भरलेली आणि वर कोणीच नाही. टोळीच्या बायका डोक्यावर फडकी घेऊन ट्रॉलीच्या बऱ्याच मागून पायी चालल्या होत्या. दिवसभर पोती उचललेल्या बायका, पाय ओढत. जाताना कोणी दुकानाकडे पाहिलं नाही.

त्याच वेळी वेल्डर गाडीतून उतरला. "या का चालतायत?" त्याने विचारलं.

"माझ्या जोडावर बसायला भितात," सून म्हणाली आणि सगळं सांगितलं. ऐकताना त्याचा चेहरा उतरत गेला. त्याने आईकडे पाहिलं. म्हातारी डोणीकडे पाठ करून बसली होती.

"दुसऱ्या जोडाला घाव घालून पाहिलास?"

"तीनदा."

त्याने कान दिला. उतार दुकानापासून दिसत नव्हता, नुसता ट्रॅक्टरचा आवाज येत होता. तो खालच्या वळणाशी बारीक झाला, एकदम वाढला, मग बंद पडला. सुनेने छपराचा खांब घट्ट धरला. म्हातारी उठून उभी राहिली. बऱ्याच वेळाने आवाज पुन्हा सुरू झाला आणि लांब लांब गेला. तरी कोणी आत गेलं नाही. थेंब पडू लागले, चुलीवर काही नव्हतं, आणि तिघंही रस्त्याकडे तोंड करून उभी होती.

अंधार पडायच्या आत ट्रॅक्टर परत आला. ट्रॉली रिकामी होती, कडी जागच्या जागी. आणि ट्रॉलीत, फाळक्याला टेकून, पाय पसरून, टोळीच्या सगळ्या बायका बसून आल्या होत्या.

दुकानापुढे तातडीने वेग कमी केला. "वळणाला थांबून कडी बघितली, जागची हलली नव्हती," तो म्हणाला. मुकादमीण बसल्या बसल्या वाकून म्हणाली, "ताई, उद्या सकाळी दुसरी खेप आहे. दुकान उघडं आहे ना?"

"आहे," म्हातारी म्हणाली.